बाईंचा शांत वर्ग

निर्वासितांच्या छावणीतली एकुलती एक शाळा पाण्याच्या टाकीला टेकून भरायची, आणि ती चालवणाऱ्या बाईंना त्या टाकीचा मनापासून राग होता.

राग यायला कारणंही होती. टाकी टँकरने भरायची. टँकर कधी येईल याचा काही नेम नसायचा. कधी उन्हं वर यायच्या आधी, कधी दुपार कलताना. त्यामुळे उजाडलं की तंबूतंबूतले डबे नळासमोर रांगेला लागत, आणि प्रत्येक डब्याजवळ एक माणूस उभं राही. डब्याजवळ माणूस नसला तर मागच्याने तो पायाने बाजूला सारायचा आणि त्याबद्दल कुणी हूं की चूं करायचं नाही, असा तिथला कायदा. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, पण कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेल्या सगळ्या नियमांपेक्षा तोच जास्त पाळला जाई. बापमाणसं मजुरी शोधायला बाहेर, आया तान्ह्यांच्या मागे नि चुलीपुढे. मग डब्याजवळ उरत ती पोरं. सकाळभर रांगेत उभी राहून एकमेकांच्या खोड्या काढत, मार खात, कंटाळत.

बाई छावणीत आल्या तेव्हा हे दृश्य बघून त्यांचे हात शिवशिवायला लागले. एवढी पोरं आयती एका जागी आणि कुणी त्यांना काही शिकवत नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी कचेरीतून एक ताडपत्री मागून आणली, ती टाकीच्या भिंतीपासून दोन बांबूंवर ताणली, एका मोडक्या कपाटाच्या दाराला काळा रंग फासून फळा केला आणि शाळा सुरू केली. डबे रांगेत, पोरं हातभर अंतरावर ताडपत्रीखाली. रांग सरकली की त्या दिवशीचा ‘सरकव्या’ उठायचा, सगळ्या वर्गाचे डबे एकेक करून पुढे ढकलायचा आणि परत येऊन बसायचा. सरकव्या होण्यासाठी पोरांत भांडणं लागत, कारण तेवढाच वेळ बाईंच्या नजरेतून सुटका.

पण गोंगाट म्हणाल तर विचारू नका. बायकांची भांडणं, डब्यांचा खणखणाट, टँकरचा भोंगा, आणि पाणी सुटलं की उडणारी एकच झुंबड. बाईंचा घसा कायमचा बसला. आपल्या गावातल्या तीन मजली शाळेत त्यांनी उभी हयात काढली होती, आणि तिथे त्यांचा वर्ग शांततेसाठी प्रसिद्ध होता. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. त्यांचा नवरा थट्टेने म्हणायचा, की ही रस्त्याने निघाली की तारेवरचे कावळेसुद्धा चोच मिटून बसतात. तो नवरा गाव सोडताना गाडी बघून येतो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. बाईंनी त्याची वाट बघितली, मग वाट बघणं सोडून दिलं, आणि सासूला हाताला धरून एकट्याच निघाल्या. आता तंबूत त्या दोघीच होत्या. सासूची जीभ तिखट होती, पण सुनेच्या शाळेचा तिला भारी अभिमान. शेजारणींना सांगताना ती शाळेचा उल्लेख ‘आमची शाळा’ असाच करायची.

वर्गात ठमी नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, चालायची मोठ्या बाईसारखी सावकाश, म्हणून ठमी. छावणीबाहेरच्या गावात एक मोठी शाळा होती, वसतिगृहासकट. दर वर्षी ती परीक्षा घेऊन छावणीतली थोडी मुलं उचलायची. तिथे लागलेलं मूल छावणीतून सुटलं, असंच सगळे म्हणत. बाईंच्या हाताखालचं एकही मूल अजून तिथे लागलं नव्हतं. ठमी लागेल अशी बाईंची खात्री होती. वाचन तिचं पाण्यासारखं, पाठांतर पक्कं. घोडं अडायचं ते अपूर्णांकांवर. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायला घ्यावं, ठमीच्या कपाळावर विचाराची आठी पडावी, आता उत्तर येणार असं वाटावं, आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजावा. ठमी डब्याकडे पळायची आणि परत आली की पुन्हा पहिल्यापासून.

‘हिला एक शांत खोली मिळू दे,’ बाई सासूला म्हणायच्या, ‘मग बघा ही कुठे जाते ते.’

आणि खोली चालत आली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कॉलेजातली मुलंमुली सुट्टीत छावणीत आली, निर्वासित मुलांसाठी वर्ग बांधायला. उन्हाने नाकं सोललेली, डोक्यावर मोठाल्या टोप्या, हातात कोरे करकरीत हातमोजे. छावणीतल्या लोकांनी आधी हसून घेतलं. याआधीही एक तुकडी आली होती. तिने कुणाला न विचारता मुलांसाठी झोपाळे उभारले आणि ती निघून गेली. झोपाळ्यांचे दोर आठवड्याच्या आत कपडे वाळत घालायला गेले. ही मुलं मात्र वेगळी निघाली. यांना कुणीतरी नीट शिकवून पाठवलं होतं, की तिथल्या माणसांना आधी विचारा.

त्यांची पुढारी होती एक चष्मेवाली मुलगी, घरं बांधायचंच शिकणारी. ती बाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. मध्ये दुभाष्या, हा पूर्वी औषधांचं दुकान चालवायचा आणि अजूनही प्रत्येक वाक्य गोळीसारखं मोजून द्यायचा. चष्मेवालीने विचारलं, वर्ग कुठे हवा? कचेरीने दोन जागा दाखवल्या होत्या: एक टाकीच्या बाजूचा मोकळा तुकडा, दुसरी छावणीच्या पार टोकाला, चढावरची सपाट जागा. बाईंनी विचार करायला श्वासभरही वेळ घेतला नाही. त्यांनी चढाकडे बोट दाखवलं. मुलीने पुन्हा विचारलं, लांब नाही का पडणार? दुभाष्यानेही आपल्या पदरचं घालून विचारलं, की बाई, नीट विचार केलाय ना?

“लांबच हवं,” बाई म्हणाल्या. “मला शांतता हवी. बाकी काही नको.”

मुलीने मान डोलावली आणि बाईंचा हात हातात धरला. एवढं स्पष्ट सांगणारं माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

गंमत म्हणजे एकालाही काही खटकलं नाही. सासू म्हणाली, चला, सूनबाईच्या घशाला आराम मिळेल. ठमीची आई म्हणाली, भांडणाऱ्या बायकांच्या शिव्या तरी पोरीच्या कानावर पडायच्या नाहीत. कचेरीतले साहेब खूष, कारण टाकीजवळचा तुकडा त्यांना नव्या तंबूंसाठी मोकळा राहिला. सगळ्यांनाच अक्कल होती, आणि ती सगळ्यांची एकाच वेळी गवत खायला गेली होती.

कॉलेजची पोरं बांधायला लागली. हाताला फोड आले, एकजण ऊन लागून पडला, दुसरीच्या पायावर वीट पडली, तरी कुणी मागे हटलं नाही. छावणीतल्या गवंड्याने त्यांना मसाला कालवायला शिकवलं आणि ती शिकलीसुद्धा. बाई रोज संध्याकाळी वर जाऊन बघून यायच्या. खिडक्या टाकीच्या विरुद्ध बाजूला हव्यात, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मुलांनी त्या तशाच काढल्या. भिंती ओळंब्यात होत्या, छप्पर गळत नव्हतं, दाराची कडी एका बोटाने लागत होती. वर्ग खरोखर सुरेख झाला. तो वाईट झाला असता तर फार बरं झालं असतं, निदान शिव्या घालायला कुणीतरी सापडलं असतं.

उद्घाटनाच्या दिवशी सगळी पोरं हजर. बसायला जागा पुरेना. बाईंनी खडू उचलला, फळ्यावर पहिला आकडा काढला, आणि खडूचा आवाज त्यांना ऐकू आला. किती वर्षांनी. त्यांचे डोळे भरून आले आणि पोरांना दिसू नये म्हणून त्या फळ्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या. त्या दिवशी ठमीने अर्ध्यात एक तृतीयांश मिळवून दाखवला. मग एक चतुर्थांशात एक पंचमांश. मागच्या भिंतीला टेकलेली चष्मेवाली टाळ्या वाजवत होती. तिला भाषा कळत नव्हती, पण बाईंचा चेहरा कळत होता. कार्यक्रम असल्यामुळे कचेरीने त्या दिवशी टँकर संध्याकाळवर ढकलला होता, ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही.

दुसऱ्या दिवशी परदेशी पोरं रडत रडत गाडीत बसली आणि गेली. बाईंनी वर्ग उघडला. मूठभर पोरं आली. बाई रागावल्या. उद्घाटनाचा थकवा असेल, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. त्याच्या पुढच्या दिवशी त्याहून कमी. मग एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, तर चढावरून कुणीच येईना. खाली टाकीपाशी मात्र नेहमीची रांग होती, आणि त्या रांगेत त्यांचा सगळा वर्ग उभा होता.

बाई तंबूतंबूत फिरल्या. आयांनी त्यांना बसायला दिलं, अदबीने बोलल्या, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. ठमीची आई नुकतीच बाळंत झालेली, ती निजल्या जागेवरूनच बोलली.

“बाई, तुमच्या शिकवण्याला कोण नाव ठेवतंय? पण पोर तिकडे वर बसली तर डबा कोण सांभाळणार? तिथून तर टँकर आलेलाही कळत नाही.”

त्याच शांततेसाठी तर खिडक्या पलीकडे काढल्या होत्या.

बाई तंबूकडे परत निघाल्या. आजवर त्या समजत होत्या, की पोरं आपल्यासाठी येतात. आपण शिकवतो चांगलं, म्हणून ऊन नाही, धूळ नाही, रोज येऊन बसतात. पोरं पाण्यासाठी येत होती, आणि आलीच आहेत तर शिकत होती. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला आख्खा वर्ग बांधावा लागला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की सासूने काय झालं विचारल्यावर त्या तोंड फिरवून झोपून राहिल्या.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. आधी त्या पुन्हा टाकीकडे गेल्या. ताडपत्री कचेरीने काढून एका नव्या कुटुंबाला दिली होती. त्यात दोन आजारी पोरं होती, तेव्हा परत मागायला जीभ रेटेना. मोकळ्या तुकड्यावर तंबू उठले होते. मग बाई रांगेतच उभ्या राहून शिकवू लागल्या. पण आता पोरं रांगभर विखुरलेली, आणि बाईंचा बसका आवाज पुढच्या दोघांपर्यंत नि मागच्या दोघांपर्यंत जेमतेम जायचा. कचेरीतले साहेब येऊन म्हणाले, बाई, एवढी छान शाळा दिलीय तुम्हाला, मग इथे कशाला गर्दी करता? दुपारनंतर वर्ग भरवावा, तर दुपारनंतर पोरांना जळणाला जावं लागे. जळणाची जागा तर टाकीहून लांब.

शेवटी सासूनेच तोड काढली. ती म्हणाली, पोरांना तू घेऊन जा वर, डबे मी धरते. म्हातारी उभी राहिली खरी, काठी घेऊन, मेंढरं हाकल्यासारखी डबे पुढे ढकलत. काही दिवस वर्ग भरला. सगळा नाही, पण ठमी होती आणि तिच्या जोडीची काही. बाईंचा चेहरा उजळला. परीक्षा तोंडावर आली होती, आणि ठमी आता अपूर्णांकांत गुणाकारापर्यंत पोचली होती.

रांगेतल्या लोकांना मात्र हे रुचेना. एका म्हातारीचे एवढे डबे? माणूस एक तर डबा एक, असं म्हणत एका तापट गड्याने ते पायाने उडवले. सासू मध्ये पडली. तिला कुणी मुद्दाम ढकललं नाही, रेटारेटीत ती आपसूक खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. छावणीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की इथे ऑपरेशन होत नाही, पडून राहू दे. ती पडून राहिली ती राहिलीच. तिखट जीभसुद्धा हळूहळू गप्प झाली. शेजारणींशी ‘आमची शाळा’ हा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आता सासूचं सगळं अंथरुणात, आणि त्यासाठी पाणी जास्त लागायचं. तेव्हा बाईंना स्वतःलाच डबा घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. वर्गाची किल्ली तंबूच्या खुंटीला लटकत राहिली.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी ठमीचा डबा आपल्या डब्यापुढे ठेवला आणि तिला कचेरीच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. एका माणसाचे दोनच डबे, म्हणून लोकांनी तेवढं चालवून घेतलं. संध्याकाळी ठमी परत आली. पेपर कसा गेला, हे बाईंना विचारावं लागलं नाही.

“सुरुवातीचं सगळं आलं,” ठमी म्हणाली. “मग भागाकार होता. तो आपला राहिला होता ना.”

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जी मुलं लागली त्यांत ठमी नव्हती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

वर्ष फिरलं आणि सुट्टी लागली तशी चष्मेवाली नव्या मुलांना घेऊन पुन्हा आली. निरोप कळताच बाई किल्ली घेऊन चढावर धावल्या. दार उघडलं तर फरशीवर बोटभर धूळ, कोपऱ्यात पाखरांनी आणलेल्या काड्या. बाईंनी पदर खोचला, झाडून घेतलं, आणि मग त्यांनी असं काही केलं, जे त्यांच्या शाळेतल्या एखाद्या पोराने केलं असतं तर त्यांनी त्याला दिवसभर अंगठे धरून उभं केलं असतं. फळ्यावर त्यांनी कालची तारीख घातली, धडा लिहिला, गणितं मांडली, दोन गणितांची उत्तरं पोरांच्या अक्षरात चुकीची काढली आणि ती खोडून दुरुस्त केली.

चष्मेवाली आली, फळा बघून थबकली. मुलं कुठे आहेत, तिने विचारलं. आज सुट्टी आहे, बाई म्हणाल्या. मुलीने त्यांना मिठी मारली. वर्षभर मी या खोलीबद्दल सगळ्यांना सांगत होते, ती दुभाष्यामार्फत म्हणाली, आणि मनात धाकधूक होती, की आपलं काही चुकलं तर नाही? या पोरीने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मीच चढ दाखवला. आता हिच्या तोंडावर काय सांगू, असं बाईंना झालं. दुभाष्याला सगळं ठाऊक होतं; त्याने बाईंकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

मग मुलीने विचारलं, या वेळी काय बांधू? बाईंनी थोडं धाडस केलं.

“वर पाणी आणता येईल का? एखादा नळ?”

मुलीने खूप वेळ कचेरीच्या माणसाशी बोलून घेतलं आणि खाली मान घालून परत आली. पाण्याचं काम दुसऱ्या संस्थेकडे होतं, त्यात हात घालायची यांना परवानगी नव्हती. यांना परवानगी होती ती खोल्यांची. पण या खोलीचा उपयोग इतका चांगला होतोय, तेव्हा शेजारी अजून एक बांधू या का, मोठ्या मुलांसाठी? तिला काहीतरी द्यायचंच होतं. रिकाम्या हाताने परत जायची तिची तयारी नव्हती. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

दोन दिवसांनी काम सुरू झालं. बाई नेहमीप्रमाणे रांगेत होत्या, ठमी त्यांच्या पुढे. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता, आता चांगला जड झालेला. टँकरचा पत्ता नव्हता. वारा चढावरून खाली वाहत होता, त्यामुळे हातोड्यांचे ठोके इथवर ऐकू येत होते.

“बाई, वर काय बांधतायत?” ठमीने विचारलं.

“आणखी एक वर्ग.”

ठमीने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“त्यात कोण बसणार?”

इतके दिवस हे बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कचेरीला नाही, चष्मेवालीला नाही, अंथरुणातल्या सासूलासुद्धा नाही.

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या.

ठमीने बरं म्हटलं, आणि दोघी नळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.